हिवाळ्यातले व्हिएन्ना : वैद्यकांसाठी चार दिवसांची यात्रा

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे मे महिना ठरलेला असतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, दवाखान्यातली वर्दळ थोडी ओसरलेली असते, आणि सहल कंपनीच्या बसमध्ये बसून बारा दिवसांत सात-आठ देश पाहून झाल्याचे समाधान मिळते. हिवाळ्यातला युरोप म्हणजे काळोख, बर्फ आणि सर्दी-खोकला, अशी आपली समजूत. गेल्या काही वर्षांत दोनदा ऐन हिवाळ्यात व्हिएन्नाला जाण्याचा योग आला आणि माझे मत निराळे झाले. आपल्या मंडळाच्या सभासदांनी एकदा तरी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, एकच शहर निवडून, तेथे चार दिवस सावकाश राहून यावे. आणि शहर निवडायचे तर वैद्यकांनी प्रथम व्हिएन्नाचा विचार करावा, असे मला वाटते. तेथे काय पाहावे, काय करावे आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात देत आहे.

हिवाळाच का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. या शहराचे वैभव बहुतांशी छपराखाली आहे. संग्रहालये, संगीतगृहे, कॉफीगृहे आणि जुनी रुग्णालये यांना उन्हाची गरज नाही. जगप्रसिद्ध सरकारी ऑपेरागृह जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या गर्दीच्या दिवसांत, बंद असते आणि सप्टेंबर ते जून चालू असते. नृत्यसमारंभांचा हंगाम हिवाळ्यातच रंगतो. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा सोडला, तर जानेवारी-फेब्रुवारीत हॉटेलचे दरही उतरलेले असतात.

आपले आणि व्हिएन्नाचे नाते

सकाळच्या राउंडला निघालेला आपल्यापैकी प्रत्येक जण व्हिएन्नाचा थोडासा ऋणी असतो. रुग्णाच्या छातीवर बोटांनी टकटक करून तपासणे ही पद्धत लिओपोल्ड औएनब्रुगर याने १७६१ मध्ये व्हिएन्नातच प्रसिद्ध केली. तो ग्राट्स येथील एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य कोठवर आहे ते वरून ठोकून ओळखण्याची रीत त्याला घरची होती, असे सांगतात. त्याच्या पुस्तकाकडे समकालीनांनी फारसे लक्ष दिले नाही. १८०८ मध्ये पॅरिसच्या कोर्व्हिसारने त्याचे भाषांतर केले, तेव्हा कोठे ही पद्धत जगभर गेली. पुढे योसेफ श्कोडाने छातीच्या तपासणीला शास्त्रीय बैठक दिली. कार्ल रोकिटान्स्कीने हजारो शवविच्छेदनांतून रोगाची लक्षणे आणि अवयवांतील बदल यांची सांगड घातली. १८७३ मध्ये आडाम पोलित्सर यांच्या पुढाकाराने येथे कानाच्या विकारांचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे सिद्ध केले. कार्ल लांडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तोही येथूनच. इंदूरच्या महाविद्यालयात परीक्षेच्या धास्तीने आम्ही 'बिलरोथ एक' आणि 'बिलरोथ दोन' पाठ करत असू, तेव्हा बिलरोथ हे कोणा माणसाचे नाव आहे, त्याचे एक घर होते, एक शहर होते, असा विचारही मनात येत नसे. व्हिएन्नाच्या रस्त्यांवरून चालताना ही नावे माणसांची होतात.

भारतीयांनाही हे शहर अनोळखी नव्हते. सुभाषचंद्र बोस १९३३ पासून उपचारांच्या निमित्ताने येथे बराच काळ राहिले, आणि १९३५ मध्ये त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया येथेच झाली. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, संगीत शिकण्यासाठी येथे आले. जगभर दूरदर्शनवर पाहिली जाणारी व्हिएन्नाची नववर्षाची मैफल त्यांनी पुढे पाच वेळा संचालित केली.

दिवस लहान, म्हणून आखणी हवी

डिसेंबरच्या अखेरीस व्हिएन्नात सूर्योदय सकाळी पावणेआठच्या सुमारास आणि सूर्यास्त सायंकाळी चारच्या सुमारास होतो. उजेडाचे तास जेमतेम साडेआठ. तापमान बहुधा शून्याच्या आसपास असते; बर्फ पडेलच असे नाही, पण दमट गारठा आणि वारा असतो. म्हणून सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत उघड्यावरची ठिकाणे आणि पायी फिरणे, त्यानंतर संग्रहालय, मग कॉफी, आणि सायंकाळी संगीत किंवा नाताळ-बाजार असा क्रम ठेवावा. संग्रहालयांत व नाट्यगृहांत शिरताना जाड कोट कोटघरात ठेवण्याची पद्धत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तसा नियमच असतो. तेथे कोट काढायला संकोच करू नये. आत इमारती उबदार असतात, आणि कोट घालून फिरल्यास घाम येऊन बाहेर पडताच थंडी अधिक बाधते.

जुने सार्वजनिक रुग्णालय

पहिली सकाळ नवव्या प्रभागासाठी, म्हणजे अल्सरग्रुंडसाठी, राखून ठेवावी. शहराच्या मध्याला वेढणाऱ्या 'रिंग' रस्त्यावरील शोटेनटोर येथून ४३ किंवा ४४ क्रमांकाची ट्राम पकडली की चार-पाच मिनिटांत जुने सार्वजनिक रुग्णालय येते. सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ मध्ये ते सुरू केले. हे रुग्णालय रुग्णांच्या आरोग्यासाठी व सांत्वनासाठी आहे, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्याच्या प्रवेशद्वारावर आहे. 'आरोग्य' आणि 'सांत्वन' हे दोन शब्द शेजारी शेजारी कोरलेले पाहून मी क्षणभर थबकलो. १९९८ पासून या इमारतींत व्हिएन्ना विद्यापीठाचे विभाग आहेत. एकामागून एक चौक, उंच झाडे आणि सायकलींवरून जाणारे विद्यार्थी असे आजचे दृश्य आहे. नाताळाच्या आधी यातल्या मोठ्या चौकात बाजार भरतो, आणि दालचिनीचा वास सर्वत्र दरवळत असतो. आजचे रुग्णालय थोड्या अंतरावर दोन काळसर उत्तुंग इमारतींत आहे.

याच आवारातल्या प्रसूतिविभागात १८४६ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन तरुण सहायक म्हणून रुजू झाला. त्याची हकीकत आपल्याला ठाऊक असते, पण ती जागेवर उभे राहून आठवण्याजोगी आहे. प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. दाखल होण्याचे दिवस आळीपाळीने ठरलेले असत, त्यामुळे कोणत्या स्त्रीने कोणत्या विभागात जायचे हे केवळ वारावर अवलंबून असे. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४. दुसऱ्या विभागात त्याच वर्षी हे प्रमाण शेकडा २.८ होते. शहरातल्या गरीब स्त्रियांना हे आकडे कोणी सांगितले नव्हते, तरी त्या जाणून होत्या. पहिल्या विभागात जाण्याची पाळी येऊ नये म्हणून काही जणी रस्त्यात बाळंत होत. रस्त्यात बाळंत झालेल्यांना सूतिकाज्वर कमी होतो, ही गोष्टही सेमेलवाइसने टिपून ठेवली होती.

मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारला. त्याच्या शवातील बदल सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांसारखेच होते. विद्यार्थी सकाळी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत होते. सेमेलवाइसने मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा दोनच्या आसपास उतरले. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, दोन महिने असे गेले की पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

यानंतरची हकीकत अधिक विचार करायला लावते. श्कोडा, रोकिटान्स्की आणि त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा हे त्याच्या बाजूने उभे राहिले, परंतु विभागप्रमुखाने त्याची मुदत वाढवली नाही. रुग्णांना आपल्याच हातांनी मरण येते, हे मान्य करणे अनेकांना अशक्य होते. सेमेलवाइसनेही आपले निष्कर्ष वेळेवर लिहून काढले नाहीत. त्याचे पुस्तक प्रसिद्ध व्हायला १८६१ साल उजाडले, आणि त्यात विरोधकांवर इतकी कठोर टीका होती की वाचणाऱ्यांची मने आणखी दूर गेली. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नातल्याच एका मनोरुग्णालयात वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला. त्याच सुमारास ग्लासगोमध्ये लिस्टर आपले जंतुनाशक प्रयोग सुरू करत होता. सेमेलवाइसचा विचार आणखी जवळून करावासा वाटला, तर रेल्वेने अडीच-पावणेतीन तासांवर बुडापेस्ट आहे. तेथे त्याच्या जन्मघरात वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय असून त्याच्या अस्थीही तेथेच आहेत.

आवाराच्या एका टोकाला पाच मजली गोल इमारत आहे, ती म्हणजे 'नारेनटुर्म', वेड्यांचा बुरूज. हीदेखील १७८४ चीच. प्रत्येक मजल्यावर वर्तुळाकार मार्गिकेच्या कडेने २८ खोल्या. मधे भोक असलेल्या एका गोल केकवरून व्हिएन्नाकरांनी तिला केकचे नाव दिले होते. मनोरुग्णांसाठी खास बांधलेल्या युरोपातल्या आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते. आता तेथे विकृतिशास्त्राचा संग्रह आहे. जुनाट क्षयाने पोखरलेले मणके, फिरंगोपदंशाच्या मेणाच्या प्रतिकृती, जन्मजात विकृती हे सारे तेथे पाहायला मिळते. आपण पुस्तकांत वाचलेले आणि आता प्रत्यक्ष क्वचित दिसणारे रोग येथे एका छताखाली भेटतात. सोबत लहान मुले किंवा हळव्या मनाची मंडळी असल्यास त्यांना बाहेर चौकात थांबवावे. संग्रहालय आठवड्यातले काही दिवसच उघडे असते, म्हणून वेळ आधी पाहून घ्यावी.

योसेफिनुम आणि बिलरोथ

तेथून दहा मिनिटे चालले की वेरिंगर रस्त्यावर योसेफिनुम लागते. लष्करी शल्यवैद्य तयार करण्यासाठी सम्राट योसेफने १७८५ मध्ये ही अकादमी उघडली. शस्त्रक्रिया करणारा तोवर न्हाव्याच्या बरोबरीचा कारागीर गणला जात असे. या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि शल्यचिकित्सक वैद्याच्या पंगतीत बसला. शिकवण्यासाठी फ्लॉरेन्समध्ये मेणाच्या सुमारे १,२०० शारीर प्रतिकृती करवून घेतल्या गेल्या आणि खेचरांवर लादून आल्प्स पर्वत ओलांडून आणल्या गेल्या. दोनशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यांतील लसिकावाहिन्यांचे जाळे पाहून थक्क व्हायला होते. गळ्यात मोत्यांची माळ घालून पहुडलेली एक स्त्री-प्रतिमा आहे. तिचे पोट उघडता येते आणि अवयव एकेक करून बाहेर काढता येतात. सौ. ला ती प्रतिमा विलक्षण सुंदर वाटली. मला तिच्या यकृताची मांडणी पाहण्यातून सवड होईना. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये हे संग्रहालय पुन्हा उघडले आहे.

शल्यचिकित्सकांनी येथे एक गोष्ट आठवणीने करावी, ती म्हणजे थिओडोर बिलरोथचे स्मरण. २९ जानेवारी १८८१ रोजी त्याने जठराच्या कर्करोगाने पीडित एका ४३ वर्षांच्या स्त्रीचे जठर अंशतः काढले आणि ती शस्त्रक्रियेतून वाचली. पुढे रोग पसरून सुमारे चार महिन्यांनी ती वारली. पण जे अशक्य मानले जात होते ते शक्य झाले होते. त्या जठराचा नमुना योसेफिनुमच्या संग्रहात जतन केलेला आहे. बिलरोथ उत्तम वादकही होता. संगीतकार ब्राह्म्स त्याचा जिवलग मित्र. त्याच्या रचना बिलरोथच्या घरी वाजवून पाहिल्या जात, आणि ब्राह्म्सने दोन तंतुवाद्य-चतुष्के बिलरोथला अर्पण केली आहेत. दिवसा शस्त्रक्रिया आणि रात्री संगीत असा तो दिनक्रम पाहून आपल्याकडच्या गाण्याच्या बैठकींत रमणाऱ्या कितीतरी डॉक्टरांची आठवण होते. जवळच फ्रांक गल्लीत वैद्यक मंडळाची १८९३ ची वास्तू 'बिलरोथहाऊस' या नावाने ओळखली जाते.

रिकाम्या खोल्या

योसेफिनुमपासून उताराने खाली आले की बेर्गगासे १९ हा पत्ता लागतो. सिग्मंड फ्रॉइड १८९१ पासून येथे राहिला आणि ४ जून १९३८ रोजी येथून लंडनला निघून गेला. तो प्रसिद्ध कोच लंडनमध्ये आहे. व्हिएन्नातल्या त्याच्या खोल्या बऱ्याच अंशी रिकाम्या आहेत, आणि संग्रहालयाने त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. कित्येक प्रवासी यामुळे निराश होतात. मला मात्र त्या रिकामपणातच सारे सांगितलेले आहे असे वाटले. फ्रॉइडच्या मागे राहिलेल्या चार बहिणी नाझींच्या छळात मारल्या गेल्या.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला आणि काही आठवड्यांतच व्हिएन्नाच्या वैद्यक विभागातील अर्ध्याहून अधिक अध्यापकांना, बहुतेकांना ज्यू असल्याच्या कारणावरून, काढून टाकण्यात आले. विभागाचा अधिष्ठाता झाला शारीरशास्त्रज्ञ एडुआर्ड पेर्नकोफ. त्याचा चित्रमय शारीर-ग्रंथ जगभर शल्यचिकित्सकांच्या टेबलांवर होता. विद्यापीठाने केलेल्या चौकशीत १९९८ साली उघड झाले की नाझी काळात फाशी वा शिरच्छेद झालेल्या १,३७७ जणांची प्रेते शारीरशास्त्र विभागाला मिळाली होती. त्या ग्रंथातली चित्रे वापरावीत की नाही, हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

शहराच्या पश्चिम टोकाला टेकडीवर श्टाइनहोफ हे मनोरुग्णालयाचे विस्तीर्ण आवार आहे. माथ्यावर सोनेरी घुमटाचे चर्च असून ते वास्तुशिल्पी ओटो वाग्नरने १९०७ मध्ये पूर्ण केले. रुग्णांसाठी बांधलेले चर्च कसे असावे, याचा त्याने डॉक्टरासारखा विचार केलेला दिसतो. रुग्णांना लागू नये म्हणून बाकांचे कोपरे गोल, धुण्यास सोपे जावे म्हणून उतरती फरशी, संसर्ग टळावा म्हणून पवित्र जलासाठी कुंडाऐवजी ठिबकणारे पाणी, आणि डॉक्टरांसाठी स्वतंत्र खोली. याच आवारात, १९४० ते १९४५ या काळात, 'आम श्पीगेलग्रुंड' नावाच्या बालविभागात अपंग व मंदबुद्धी ठरवलेल्या ७८९ मुलांचा मृत्यू घडवून आणला गेला. मारणारे डॉक्टर आणि परिचारिका होत्या. त्या मुलांचे जतन करून ठेवलेले अवशेष २००२ मध्ये सन्मानाने पुरण्यात आले. चर्चसमोरच्या उतारावर त्यांच्या स्मरणार्थ दिव्यांचे स्तंभ उभारलेले आहेत, आणि हिवाळ्यात ते लवकर उजळतात. सहलीच्या यादीत अशी जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सेमेलवाइसचा प्रसूतिविभाग आणि श्पीगेलग्रुंड ही दोन्ही ठिकाणे पाहिल्यावर आपल्या व्यवसायाविषयी मनात येणारे प्रश्न कोणत्याही परिषदेत ऐकायला मिळत नाहीत.

चित्रे, कॉफी आणि संगीत

कलाइतिहास संग्रहालयात पीटर ब्रॉयगेलच्या चित्रांचे दालन आहे. १५६५ मध्ये रंगवलेले 'बर्फातील शिकारी' हे चित्र बाहेर गारठा असताना पाहण्यात वेगळीच मौज आहे. दमलेले शिकारी, हडकुळी कुत्री, दूर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसे; सारा युरोपीय हिवाळा त्यात आहे. बेल्व्हेडेअर प्रासादात क्लिम्टचे 'चुंबन' पाहण्यास गर्दी असते. याच क्लिम्टने विद्यापीठासाठी 'वैद्यक' नावाचे भव्य चित्र रंगवले होते. १९०१ मध्ये ते प्रदर्शित झाले तेव्हा त्यात रोग आणि मृत्यूच दिसतात, रोग बरा करणारा वैद्य दिसत नाही, म्हणून मोठे वादळ उठले. १९४५ मध्ये एका वाड्याला लागलेल्या आगीत ते नष्ट झाले.

फिरून थकल्यावर कॉफीगृहात शिरावे. येथे कॉफीच्या पेल्याबरोबर पाण्याचा छोटा ग्लास येतो, आणि एका कॉफीवर दोन तास वर्तमानपत्र वाचत बसले तरी कोणी उठवत नाही. ते पाणीही कौतुकाचे आहे. १८७३ मध्ये आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले गेले, आणि त्यानंतर विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. आजही बाटलीबंद पाणी विकत घेण्याची गरज नाही. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

नाताळ-बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून भरतात. नगरभवनासमोरचा सर्वांत मोठा. पण मला जुन्या रुग्णालयाच्या चौकातला आणि शोनब्रुन राजवाड्यासमोरचा अधिक आवडला. भाजलेले चेस्टनट, बटाट्याच्या टिकिया आणि मसाले घालून उकळलेले मद्य थंडीत उभ्याने घेत गप्पा मारायच्या, हा प्रकार रात्री सराफ्यात गराडू खाणाऱ्या इंदूरकराला शिकवावा लागत नाही. मद्य नको असेल तर मुलांसाठीचा गरम फळरस मिळतो. पेल्यासाठी अनामत घेतात. पेला परत केला की ती परत मिळते.

ऑपेरागृहात उभे राहून ऐकण्याची तिकिटे अगदी स्वस्त असतात. गुडघे साथ देत असतील तर हा अनुभव जरूर घ्यावा. जानेवारीच्या अखेरीस होफबुर्ग राजवाड्यात व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा स्वतःचा नृत्यसमारंभ भरतो. पुरुषांना काळा सायंकालीन पोशाख आणि स्त्रियांना पायघोळ वस्त्रे आवश्यक असतात. नगरभवनासमोर जानेवारीपासून बर्फावर घसरण्याचे मैदान तयार होते. पन्नाशीपुढच्या नवशिक्यांनी कठड्याबाहेरूनच त्याचा आनंद लुटावा, असा माझा अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांच्या वतीने सल्ला.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही, पण विचारून खावे. भाज्यांचे दिसणारे सूप बहुधा गोमांसाच्या रश्शावर केलेले असते. चीजमधले श्पेत्सले, सफरचंदाचा श्ट्रूडेल, नाशमार्क्ट बाजारातले फलाफल हे सोयीचे पदार्थ. श्पेत्सलेत आणि कायझरश्मार्न या गोड पदार्थात मात्र अंडे असते.

प्रकृतीची तयारी

थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो, हे आपण रुग्णांना सांगतो. तेच स्वतःलाही लागू करावे. हृदयविकार असलेल्यांनी जेवणानंतर लगेच वाऱ्यात चढ चढू नये, आणि नायट्रेटची गोळी आतल्या खिशात ठेवावी. दम्याच्या रुग्णांनी नाकावर मफलर ठेवूनच बाहेर पडावे. मद्याने ऊब वाटते ती त्वचेकडे रक्त वाहिल्यामुळे; प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्याने कमीच होते. इन्सुलिन सामानात न टाकता हाती ठेवावे, आणि बाहेर फिरताना ते गोठणार नाही अशा रीतीने कपड्यांच्या आत बाळगावे. इन्फ्लुएन्झाची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी.

एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. कानटोपी, हातमोजे आणि खाचदार रबरी तळव्यांचे बूट यांत काटकसर करू नये. पदपथांवर बारीक खडी टाकलेली असते, तरी निसरडे होते, आणि पसरलेल्या हातावर पडल्यास कोणते हाड मोडते हे आपणास सांगायला नको. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी. प्रतिजैविके तेथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि सर्वसाधारण संकटासाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

थोडे व्यावहारिक

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना पूर्वीपासून असलेल्या आजारांचे कलम नीट वाचावे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर थोडा जादा वेळ धरावा. दुकाने रविवारी बंद असतात. २४ डिसेंबरला दुपारनंतर सारे शहर आवरते घेते, आणि २५ व २६ तारखांनाही दुकाने उघडत नाहीत. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर फाटके नसतात. प्रवाशांवर विश्वास टाकलेला असतो. मात्र तपासनीस केव्हाही येतो.

चार दिवसांची वाटणी अशी करता येईल. पहिला दिवस अल्सरग्रुंडचा : जुने रुग्णालय, नारेनटुर्म, योसेफिनुम, बेर्गगासे. दुसरा दिवस श्टेफान चर्च, होफबुर्ग, कलाइतिहास संग्रहालय आणि रात्री ऑपेरा. तिसऱ्या दिवशी सकाळी शोनब्रुन आणि दुपारी श्टाइनहोफ. तेथले चर्च ठरावीक दिवशीच उघडते, म्हणून हा दिवस शनिवार-रविवारी येईल असे पाहावे. चौथा दिवस बेल्व्हेडेअर आणि मध्यवर्ती दफनभूमीसाठी. तेथे बेथोव्हेन, शुबर्ट आणि ब्राह्म्स यांच्या समाध्या आहेत. आपला बिलरोथही त्याच भूमीत विसावला आहे.

आपल्या मंडळातर्फे दहा-बारा सभासदांचा गट पुढच्या हिवाळ्यात निघाला, तर या ठिकाणांची वेळापत्रके जुळवून देण्याचे काम मी आनंदाने करीन. तरुण सभासदांनी, विशेषतः जे अध्यापनात आहेत त्यांनी, त्यात यावे असे मला मनापासून वाटते. प्रसूतिकक्षाबाहेर हात धुण्याची जी सूचना आपण रोज न वाचता ओलांडून जातो, ती कोणत्या चौकात आणि किती मातांच्या मरणानंतर लिहिली गेली, हे त्यांनी एकदा प्रत्यक्ष तेथे उभे राहून पाहावे.